बाराच्या आत

मुंबईत २०२५ ला पाऊस २६ मेला आला. पंच्याहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधी आला नव्हता म्हणे, आणि आम्ही घर हलवायला नेमका तोच दिवस धरला होता. त्यात सोमवती अमावास्या. दुपारी बारा-सव्वाबाराला अमावास्या लागत होती आणि आईने आठ दिवस आधीपासून धोशा लावला होता की बाराच्या आत सामान उंबऱ्याबाहेर पडलं पाहिजे, अमावास्येला घर हलवतं का कोणी, एवढं सगळं भोगून झालं तरी तुम्हाला अक्कल येत नाही. मी म्हटलं आई, टेम्पोवाल्याला दुसरा दिवस नाहीये आणि नव्या घराचं भाडं पंचवीस तारखेपासून चालू झालंय, रोजचे साडेपाचशे रुपये जातायत. त्यावर ती गप्प बसली. पैशाचं कारण सांगितलं की आमच्याकडे गेली पाच वर्षं सगळेच गप्प बसतात.

छोटा हत्ती सांगितला होता. टेम्पोवाला आला, वर येऊन सामान बघितलं आणि म्हणाला, "एवढंच? मग मला कशाला बोलावलं, रिक्षात नेलं असतं." गंमतीने म्हणाला तो, पण बायको आत गेली ती जरा वेळ बाहेरच आली नाही. कारण सामान खरंच एवढंच होतं. एक लोखंडी कपाट, दोन गाद्या, वहिनीने दिलेलं जुनं इंडक्शन, पोरीची पुस्तकं, भांड्यांच्या तीन गोण्या आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली आठ खोकी. फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, टीव्ही हे सगळं २०२० ते २२ या काळात एकेक करून गेलं. सोफा विकला तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाने दाराच्या चौकटीतून तो निघेना म्हणून आमच्यासमोर त्याचे पाय कापले होते. तो करवतीचा आवाज मला अजून आठवतो, बाकी काही फारसं आठवत नाही.

थोडं मागचं सांगतो, फार लांबण लावत नाही.

मी चौदा वर्षं फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटिंगला होतो. ज्यांनी ते काम केलंय त्यांना कळेल, काळा स्क्रीन आणि त्यावर कमांड मारत बसायचं, एएन, तारीख, बीओएम, डीएक्सबी, एंटर. विमानतळांचे कोड मला पोरीच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ होते असं बायको म्हणायची. २५ मार्च २०२० ला देशातली विमानं बंद झाली, ती दोन महिन्यांनी सुरू झाली, पण आमचं सगळं काम परदेशाचं, आणि परदेशाची नेहमीची विमानं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. दोन वर्षं. इतकं कोण थांबणार. सुरुवातीचे महिने घरून रिफंडची कामं केली, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या, पैसे एअरलाइनकडे अडकलेले आणि फोन मात्र आम्ही उचलायचे. ऑगस्टमध्ये आम्हा अकरा जणांना एका व्हिडिओ कॉलवर सांगून टाकलं. माझं नेट मधेच गेलं, त्यामुळे मला स्वतःची नोकरी गेलेली दुसऱ्याला फोन करून विचारावी लागली.

डोंबिवली पूर्वेला २००९ मध्ये घेतलेला वन बीएचके होता, त्याचा हप्ता. मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, मिळाली म्हणून सहा महिने खूश होतो, नंतर कळलं की व्याज कुठे थांबलं नव्हतं, ते मुद्दलात जाऊन बसलं. पीएफ काढला. २०२१ च्या मार्चमध्ये बायकोच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा सोनं तोळ्याला पंचेचाळीस हजाराच्या आसपास होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते लाखाला टेकलं त्या दिवशी बातम्या लागल्या होत्या, बायकोने काही न बोलता चॅनल बदललं. मीही बघितलं नाही असं दाखवलं.

आणि मग मी ते केलं जे कोणी करू नये, मोबाइलवरच्या अॅपवरून कर्ज. दहा हजार मंजूर आणि खात्यात आले सहा हजार चारशे, बाकीचे म्हणे प्रोसेसिंग फी, आणि सात दिवसांनी दहा हजार परत द्या. सात दिवसांनी कुठून देणार, मग ते फेडायला दुसरं अॅप, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. अॅप टाकताना कॉन्टॅक्टला परवानगी मागतं आणि आपण ओके दाबतो, घाईत असतो ना, तिथे खरी गोची असते. कारण हप्ता चुकला की फोन फक्त मला यायचे नाहीत, माझ्या फोनमधल्या सगळ्यांना जायचे. दादाला, वहिनीच्या माहेरी, पोरीच्या क्लासच्या बाईंना, आमच्या वाण्याला. वाण्याने तर मला सांगितलं, "भाऊ, तुमच्या नावाने कोणतरी घाण घाण बोलत होता, मी ठेवून दिला फोन." आणि त्यानंतर उधारीची वही बंद. त्याचं तरी काय चुकलं.

पुढे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम आणला की कर्जाच्या अॅपने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही, आणि वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. चांगला नियम आहे. आमच्या वेळी रात्री साडेअकराला यायचे.

शेवटी त्याच वर्षी मार्चमध्ये घर विकलं. बँकेचं फेडलं, अॅपवाल्यांचं फेडलं, गॅसची दोन सिलेंडरं आणि रेग्युलेटर परत करून टीव्ही घेतला, म्हणजे तो टीव्ही नाही, टर्मिनेशन व्हाउचर, आणि पूल ओलांडून डोंबिवली पश्चिमेला दादाकडे राहायला गेलो. "दोन-तीन महिने" असं सांगून. तीन वर्षं राहिलो.

दादा-वहिनीबद्दल मला वाईट काही सांगायचं नाहीये, आणि तेच अवघड होतं. वहिनी एक शब्द बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. ती उलट ताटात जास्तीची पोळी वाढायची. टू बीएचके, एका खोलीत आई आणि आम्ही तिघं, दुसऱ्या खोलीत ते चौघं, एक संडास, सकाळी साडेसहाला नंबर. पोर दहावीचा अभ्यास जिन्यात बसून करायची. बायको पहाटे साडेचारला उठून शेजारच्या पोळीभाजी केंद्रावर जायची, दीडशे-पावणेदोनशे पोळ्या लाटून साडेआठला परत, आणि घरी आल्यावर वहिनीला स्वयंपाकात मदत. घर तिने चालवलं ही गोष्ट मी तेव्हा कबूल करत नव्हतो, आता करतो. मी दादाची स्कूटर घेऊन खाण्याची पार्सलं पोचवत होतो. चाळिशीतला माणूस, पाठीवर ती चौकोनी बॅग. पूर्वेकडे आमच्याच जुन्या बिल्डिंगमध्ये ऑर्डर आली की मी कॅन्सल करायचो, पैसे कापले गेले तरी.

आणि तो फोन. सगळ्यांचं फेडून झालं तरी कधीतरी कोणीतरी जुनी यादी घेऊन फोन करायचंच, कुठल्याशा अॅपचे अठराशे बाकी आहेत म्हणून. अनोळखी नंबर दिसला की मी फोन घेऊन ड्राय बाल्कनीत जायचो, वॉशिंग मशीनच्या मागे, दार ओढून घेऊन. घरात सगळ्यांना माहीत होतं मी तिथे कशाला जातो. कोणी विचारत नव्हतं. दादा टीव्हीचा आवाज थोडा वाढवायचा.

नोकरी कशी लागली ते सांगतो. आमच्याच जुन्या ऑफिसातला एक जण कार्गोच्या बाजूला गेला होता, त्याने मे महिन्यात फोन केला, त्याचा नंबर सेव्ह होता म्हणून उचलला. म्हणाला मशीद बंदरला एका ट्रान्सपोर्टवाल्याला ऑफिस सांभाळणारा माणूस हवाय, कंप्युटर येणारा, वयाची अट नाही. गेलो. मशीद स्टेशनच्या बाहेर पडलात की कळतं हे काय आहे ते, हातगाड्या, गोण्या, मिरचीचा खकाणा, डोक्यावर ओझं घेऊन "बाजू बाजू" करत जाणारे माथाडी, त्यातले निम्मे साताऱ्याकडचे. पहिल्या मजल्यावर ऑफिस, लाकडी जिना, कठड्याला दोर बांधलेला, कारण कठडा हलतो. शेठ साठीचा. बायोडाटा त्याने उघडलासुद्धा नाही. मी रात्रभर उत्तर पाठ करून गेलो होतो, मधल्या पाच वर्षांत काय केलं याचं, इतक्या ठिकाणी त्याच प्रश्नाने माती खाल्ली होती. त्याने एकच विचारलं.

"रात को फोन उठाएगा?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"ड्राइवर लोग का फोन आता है रात को. नंबर रोज बदलता है उनका. पहलेवाला आदमी उठाता नहीं था, इसलिए निकाला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. अठ्ठावीस हजार पगार, दोन जूनपासून. जिना उतरताना माझे पाय लटपटत होते, आनंदाने की कशाने ते मला सांगता येणार नाही.

डोंबिवलीहून जाणं-येणं जमलं नसतं असं नाही, चौदा वर्षं केलंच होतं. पण ट्रान्सपोर्टचं ऑफिस रात्री नऊपर्यंत चालतं, आणि खरं सांगायचं तर निमित्त हवं होतं. बायको म्हणाली, "अहो, आता नाही निघालो तर आपण इथेच राहू." म्हणून विक्रोळी, कन्नमवार नगर. कन्नमवार हे आपले दुसरे मुख्यमंत्री, त्यांच्या नावाची ही म्हाडाची वसाहत, बिल्डिंगला नावं कमी आणि नंबर जास्त. निम्म्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्यात, त्यांची माणसं भाड्याने तिथल्या तिथेच राहतात, त्यामुळे भाडी चढलेली. वन आरके साडेसोळा हजार, डिपॉझिट साठ, दलालाला एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का म्हणजे पाचशेच्या आत-बाहेर आणि नोंदणीचे हजार. एजंट घरी येऊन छोट्या मशीनवर अंगठे घेऊन जातो. बायकोचा अंगठा उठेचना. तीन वर्षं तव्यावरच्या पोळ्या उलटून रेषा गेलेल्या. एजंट म्हणाला, "मॅडम, थोडं क्रीम लावून ठेवत जा." साक्षीदार म्हणून शेवटी दादाचाच घेतला.

तर २६ मे. सकाळी आठला पाऊस असा कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसेना. गाद्यांना प्लास्टिक गुंडाळलं. ते कमी पडलं म्हणून वहिनीने त्यांच्या गणपतीच्या मंडपाची निळी ताडपत्री माळ्यावरून काढली आणि म्हणाली, "परत आणून द्या हं, ऑगस्टमध्ये लागेल." म्हणजे ऑगस्टमध्ये या, असं. आई साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगत होती, रेल्वे स्टेशनवर सांगतात तशी. अकरा चाळीसला शेवटची गोणी खाली गेली. आईने देव्हाऱ्यातला आमच्या वाटणीचा बाळकृष्ण रुमालात बांधून बायकोच्या हातात दिला आणि घड्याळाकडे बघून म्हणाली, "आता जा. मागे वळून बघू नका." दोन मिनिटांनी तीच खिडकीतून ओरडत होती की लोणच्याची बरणी राहिली. मी वर जाऊन बरणी घेऊन आलो. तर मागे वळून बघणं झालंच, बरणीपायी.

माणकोलीच्या पुलावरून निघालो, ठाण्यापर्यंत दोन तास. पोर माझ्या आणि टेम्पोवाल्याच्या मधे बसून मोबाइलवर अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरत होती, त्याच दिवशी भरायला सुरुवात झाली होती, आणि रेंज जात होती. "बाबा, पत्ता कुठला टाकू? जुना की नवा?" मी म्हटलं नवा टाक. तिला तो पाठ नव्हता. मलाही नव्हता. बायकोने पिशवीतून अॅग्रीमेंटची झेरॉक्स काढली आणि पिनकोडसकट वाचून दाखवला, मोठ्याने, टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल असा.

रेडिओवर सांगत होते की मशीद, भायखळ्याला रुळांवर पाणी आहे. टेम्पोवाला म्हणाला, "कुठे लागली नोकरी?" म्हटलं मशीद बंदर. तो हसला नाही, चांगला माणूस होता.

नव्या घरात पहिलं दूध उतू घालायचं असतं. गॅस नव्हता. ते जुनं व्हाउचर दाखवून कनेक्शन परत मिळतं, पण डिपॉझिट आजच्या दराने, सिलेंडरचे बावीसशे आणि रेग्युलेटरचे अडीचशे, त्यात दोन-चार दिवस जातात. म्हणून वहिनीचं इंडक्शन. आता इंडक्शनवर दूध उतू घालून बघा तुम्ही. दूध वर यायला लागलं की ते पीप करून बंद. परत चालू केलं, परत दूध चढलं, परत पीप. चार वेळा. बाहेर गडगडाट, घरात ओल्या गाद्यांचा वास, आम्ही तिघं त्या पातेल्याभोवती वाकून उभे. शेवटी पोरीने वरून एक वाटी दूध ओतलं आणि काठोकाठ भरलेलं ते पातेलं हलकेच तिरकं केलं, पांढरा ओघळ खाली आला. "गेलं उतू," म्हणाली. चाललं.

काम मला येतं हे पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि त्याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पन्नास हजारांच्या वर माल असला की ई-वे बिल लागतं, म्हणजे माल रस्त्याने न्यायचा सरकारी ऑनलाइन कागद. त्याचा पार्ट ए म्हणजे माल कोणाचा, कुठून कुठे, आणि पार्ट बी म्हणजे गाडीचा नंबर. म्हणजे पीएनआरच की, फक्त पॅसेंजरच्या जागी हळदीची पोती. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत असते आणि ती रात्री बाराला संपते. संपलेल्या बिलावर गाडी पकडली गेली तर कराच्या दुप्पट दंड. शेठचा नियम एकच, मुदत वाढवायची तर बाराच्या आत. कायद्याने बारानंतरही आठ तास वाढवता येते हे मी त्याला दाखवलं, तो म्हणाला कायदा दिन में बताना. बाकी मग बिल्टी म्हणजे मालाची पावती, हमाली, वाराई, गाडी लागली का, खाली झाली का, पीओडी म्हणजे माल पोचल्याची पोच आली का. ऑफिसात तीन माणसं आणि एक मांजर. जवळचा कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पाडला होता, तो दहा जुलैला परत सुरू झाला, आता त्याला सिंदूर पूल म्हणायचं. म्हणत कोणी नाही. ड्रायव्हर अजून विचारतात, "साब, कर्नाक चालू है क्या?"

फोनचं मात्र जमायला वेळ लागला. दिवसाला चाळीस-पन्नास अनोळखी नंबर. पहिले काही दिवस प्रत्येक रिंगला पोटात तसाच गोळा यायचा, आणि मी उचलून आधी गप्प राहायचो. पलीकडून "हॅलो, हॅलो, ट्रान्सपोर्ट?" आलं की मग आवाज फुटायचा. एका ड्रायव्हरने शेठला सांगितलं, नया आदमी अच्छा है पर पहले सांस लेता है.

नऊ जूनला सकाळी मुंब्र्याला ते झालं, गर्दीत लोकलच्या दाराला लटकलेली माणसं पडली. मी ऑफिसात होतो. दादा त्याच वेळच्या गाड्यांनी जातो. त्याचा फोन लागेना, पंधरा-वीस मिनिटं. मग एका अनोळखी नंबरवरून फोन आला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अनोळखी नंबर पहिल्या रिंगला उचलला. दादाच होता. त्याची बॅटरी संपली होती, ठाण्याला कोणाचा तरी फोन मागून घेतला होता. "मी आहे रे," म्हणाला, आणि लगेच, "आईला सांग, मला लोकांचा फोन परत द्यायचाय."

असो. परवा गणपतीला डोंबिवलीला गेलो. निळी ताडपत्री धुऊन, घडी घालून नेली होती. तीन वर्षं ज्या घरात राहिलो तिथे पहिल्यांदा बेल वाजवून गेलो. वहिनीने चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात, सोनेरी काठाचे आहेत ते, वरच्या फळीवरचे. बायकोने कप हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. ओट्याशी जायला उठली तर वहिनी म्हणाली, "बस गं, आज तू पाहुणी." दोघींनाही ते कसंतरीच झालं असावं, कारण पाच मिनिटांत बायको आत मोदकांच्या पाऱ्या करत होती आणि दोघी कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या.

रात्री जेवणं उरकून पत्त्यांचा डाव बसला. सव्वाअकरा झाले असतील. फोन वाजला, अनोळखी नंबर. आणि मी, काही विचार न करता, उठलो आणि ड्राय बाल्कनीत गेलो. वॉशिंग मशीनच्या मागे. दार ओढून घेतलं. सवय.

ड्रायव्हर होता, जळगावची गाडी, मालेगावच्या पुढे टायर फुटलेला, स्टेपनी आधीच गेलेली, पंक्चरवाला सकाळी येणार, आणि बिल आज बाराला संपतंय. मी म्हटलं गाडी बाजूला घे, पार्किंग लाइट चालू ठेव, तिथला पिनकोड कोणाला तरी विचारून सांग, मी करतो. मग मोबाइलवरच साइट उघडून बसलो, कारण द्या, तर गाडी बिघडली, आत्ताची जागा भरा, उरलेलं अंतर भरा. छोट्या स्क्रीनवर ते फार वैतागाचं असतं.

दार थोडं उघडलं. दादा. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला होता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्याने दार मागे लोटलं, माझ्याकडे न बघता वॉशिंग मशीनवर हात ठेवला आणि एकदम हळू आवाजात विचारलं,

"किती आहेत?"

मी स्क्रीनवरच बघत होतो, बारा वाजायला पस्तीस मिनिटं होती.

"एकशे चाळीस," म्हटलं.

"हजार?"

"किलोमीटर रे," म्हटलं. "जळगाव."